ज्याच्याशी भांडण झालं, त्याचं पत्र

थॉर्नबरी, मॅसॅच्युसेट्स
९ सप्टेंबर

डॅरल,

तू फोन उचलत नाहीस. अकरा वेळा केला. मग लक्षात आलं, तू माझा नंबरच बंद करून ठेवलायस. ठेव. पण पंचवीस वर्षं तू ओक्लाहोमाच्या त्या धुळीत घरोघर टपाल टाकत फिरतोयस. आलेलं पत्र न उघडता केरात टाकणं तुझ्या हातून व्हायचं नाही, एवढं मी माझ्या भावाला ओळखते. म्हणून लिहितेय.

पोहोचलो. तीन दिवस लागले. मिसूरीत पिकअपचा पट्टा तुटला आणि अर्धा दिवस एका गॅरेजच्या पायरीवर बसून काढला. ब्रिन ठीक आहे. खाते, झोपते. बोलते कमी. तुझं नाव निघालं की खिडकीबाहेर बघते. सोळा वर्षांच्या पोरीला सख्ख्या बापाने... जाऊ दे. पहिल्याच पत्रात भांडायचं नाही असं ठरवून बसलेय.

मला काम लागलं, आल्याच्या दुसऱ्या दिवशी. शाळेची बस. बावीस वर्षं तिकडे तेच केलं, इथेही तेच. अख्ख्या देशात शाळेच्या बसला ड्रायव्हर मिळत नाहीत, त्यामुळे सत्तावन्न वर्षांच्या बाईलाही कुणी नाक मुरडत नाही. ब्रिनला शाळेत घेतलं. बियाणांच्या दुकानासमोर पिकअपच्या बॉनेटवर ठेवून तू सही केलीस तो, पोरीला माझ्याजवळ ठेवायच्या संमतीचा कागद दाखवला, त्यावर काम झालं. त्याची मुदत एक नोव्हेंबरपर्यंत आहे हे मी विसरलेली नाही. तू काय म्हणालास तेही शब्दन्‌शब्द पाठ आहे: "तोवर पोरीला स्वतःची खोली, कडी लागेल असं दार आणि डोक्यावर पक्कं छप्पर दिसलं नाही, तर मी येऊन तिला उचलीन आणि थेट चर्चच्या त्या पोरी सुधारायच्या शिबिरात नेऊन सोडीन."

तेव्हा काळजी करू नकोस. राहायची सोय झालीये. जागा लहान आहे, पण हवेशीर आहे. समोर तळं, भोवती पाइनची उंच झाडं, शेजारपाजार शांत. पत्र मात्र पोस्ट ऑफिसात माझ्या नावाने ठेवून घ्यायला सांग. आमची टपालपेटी बसवायची राहिलीये.

कोरीन


२२ सप्टेंबर

डॅरल,

तुझं कार्ड मिळालं. चांगलं दीडच ओळीचं. "टपालपेटी नसलेलं घर मी पंचवीस वर्षांत पाहिलेलं नाही. तंबू आहे का?"

हो बाबा, तंबू आहे. झालं समाधान? सरकारी जंगलातलं तंबूंचं मैदान, सोळा नंबरची जागा. तळं खरंच आहे, पाइनही आहेत. खोटं मी बोलले नाही, अर्धं सांगितलं. आणि लगेच कॅलेंडर बघू नकोस, एक नोव्हेंबरला अजून चाळीस दिवस आहेत. मैदान मात्र तेरा ऑक्टोबरला बंद होतं.

तुला वाटत असेल, कोरीन हातावर हात ठेवून बसलीये. रोज दुपारी बस लावली की मी घरं बघत फिरते. या गावात प्रत्येक अंगणात एक पाटी आहे. चार भाषांत लिहिलंय, तुम्ही कुठूनही आलेले असा, कुणावरही प्रेम करत असा, तुमचं इथे स्वागत आहे. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून मी रस्त्यात उभी राहून रडले, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. आपल्याकडच्या चर्चच्या पाट्यांवर अशा पोरींबद्दल काय लिहिलेलं असतं, ते तुलाही माहीत आहे.

मग त्याच पाटीमागच्या एका घरात गेले. वरचा मजला भाड्याने होता. बाई इतकी गोड, की काय सांगू. ब्रिनची हकीकत ऐकून तिने माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाली, "तुमच्यासारख्या माणसांचीच या गावाला गरज आहे." मी म्हटलं, "भाडं?" म्हणे, "महिन्याला चोवीसशे डॉलर. आणि पगार त्याच्या तिप्पट असल्याचा दाखला लागेल." मी म्हटलं, "बाई, तिप्पट पगार असता तर तुमची बस कुणी चालवली असती?" ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

अशी नऊ घरं झाली. नऊ जणांनी मिठी मारली आणि नऊ जणांनी नाही म्हटलं. आपल्याकडे निदान मिठी मारत नाहीत, वेळ वाचतो.

जुन्या लाकडाच्या वखारीच्या जागेवर स्वस्तातली चाळीस घरं बांधायची योजना आहे, त्याची जाहीर सुनावणी नगरपालिकेत होती. म्हटलं जाऊन ऐकू. एकेक जण माइकसमोर येतो आणि सुरुवात करतो, "मी परवडणाऱ्या घरांच्या बाजूचाच आहे, पण..." एकाच्या छतावरच्या सोलरवर सावली पडते. एकीला वाहतुकीची चिंता. एक म्हातारे गृहस्थ तर अर्धा तास एका ठिपक्याठिपक्यांच्या सरड्यासारख्या प्राण्याबद्दल बोलले. तो म्हणे वसंतात वखारीमागच्या डबक्यात लग्न करायला येतो. ब्रिन माझ्या कानात म्हणाली, "आत्या, आपण सरडे असतो तर एव्हाना सोय झाली असती." आणि हसली. डॅरल, ती हसली! तिची आई, रेनी, गेल्यावर तुझ्या घरात किती वेळा हसली ते तूच आठव.

बसडेपोत ओर्लांदो म्हणून मेकॅनिक आहे. तो रोज म्हणतो, "बाईसाहेब, थॉर्नबरीत बस चालवणारं एक माणूस थॉर्नबरीत राहतं का बघा. नदीपलीकडे या." नदीपलीकडे जुन्या गिरण्यांचं गाव आहे. पण तिकडे गेलं की शाळा बदलते. आणि परवा मी बस घेऊन वळणावर आले तेव्हा ब्रिन दोन मैत्रिणींबरोबर चालत येत होती. एकीचा हात तिच्या हातात होता. फुटपाथवर माणसं होती, कुत्री होती, एक पोलीसही होता. कुणी मान वळवून बघितलं नाही. तिने माझ्या बसकडे पाहिलं आणि हात सोडवून घेतला नाही. मला एवढंच हवं होतं. यासाठी मी तंबूत राहीन, नाहीतर झाडावर राहीन.

तू रागावशील. रागाव.

कोरीन


३ ऑक्टोबर

डॅरल,

हे पत्र नीट बसून वाच. शक्य असेल तर जेवल्यावर वाच. तुझ्याकडे काम आहे.

एक जागा मिळण्यासारखी आहे. गावाच्या टोकाला फॉक्स हॉलो म्हणून वसाहत आहे. सव्वीस घरं, मधे एक मोठं सामायिक घर, तिथे आठवड्यातून तीनदा सगळे एकत्र जेवतात. प्रत्येकाने पाळीपाळीने रांधायचं आणि भांडी घासायची. त्यांच्यात दोन घरं कमी पगाराच्या माणसांसाठी राखून ठेवलेली असतात. त्यातलं एक रिकामं झालंय. दोन झोपायच्या खोल्या. भाडं नऊशे. ब्रिनच्या खोलीला खिडकी आहे, दाराला कडी आहे. कडी मी स्वतः लावून बघितली. तिथून शाळा चालत दहा मिनिटं.

आम्ही चार वेळा जेवायला गेलो. मसूर, भोपळ्याचं सूप, आणि ती कसलीशी कुरकुरीत पालेभाजी जिला सगळे देवासारखं मानतात. मांस नाही. तू आठ दिवसांत मेला असतास. टाळ्या वाजवत नाहीत, हात वर करून बोटं हलवतात, म्हणजे टाळ्यांच्या आवाजाने कुणी दचकू नये. कुणी कुणाचं बोलणं तोडलं की एक जण छोटी घंटा वाजवतो आणि सगळे गप्प बसून श्वास घेतात. पहिल्या दिवशी माझ्यासाठी ती घंटा सात वेळा वाजली. पण माणसं वाईट नाहीत रे. हेस्टर नावाची सत्तरीची बाई आहे, कॉलेजात शिकवायची. तिने न मागता आम्हाला दोन लोकरी रग दिले. ब्रिनला ती तिच्या जुन्या करवतीवर सुतारकाम शिकवते. ब्रिन तिच्याशी बोलते.

आता ऐक, घोडं कुठे अडलंय ते. त्यांच्याकडे प्रवेशाला ओळखीच्या माणसाची चांगली शिफारस चालत नाही. म्हणतात, चांगलं तर कुणीही लिहील. त्यांना पत्र हवं असतं ते ज्याच्याशी तुमचं कडाक्याचं भांडण झालंय, त्या माणसाचं! त्याने लिहायचं, भांडण कशावरून झालं, तुम्ही कसे वागलात, ओरडलात का, माफी मागितलीत का. कारण सव्वीस घरांत भांडणं होणारच, तेव्हा येणारं माणूस कसं भांडतं ते आधी कळलेलं बरं. पत्र बंद पाकिटातून थेट त्यांच्याकडे यायला हवं. मी उघडायचं नाही. मग बैठकीत सगळ्यांसमोर वाचतात, आणि प्रत्येक जण कार्ड दाखवतो. हिरवं म्हणजे हो, पिवळं म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे नाही. एक लाल आलं तरी गाडी थांबते.

ऐकून मी पहिल्यांदा हसले. मग रात्रभर जागी राहिले. कारण अर्जात "कुणाशी भांडण झालं" या रकान्यात लिहायला माझ्याकडे एकच नाव होतं. मी लिहिलं, "धाकटा भाऊ. ऑगस्टअखेर. त्याच्या मुलीवरून."

तर मी तुझ्यापाशी मागतेय. हो, तुझ्याचपाशी. मला घर मिळालं नाही तर ज्याचा फायदा आहे, त्याच माणसाकडे मी घर मिळवायला पत्र मागतेय. हसायचं असेल तर हस.

खरं लिही. माझी बाजू घेऊ नकोस. लिही, की मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले. तू म्हणालास, "पोटी मूल नसलेल्या बाईला काय कळतंय," ते लिहायचं की नाही ते तू ठरव. पण मी म्हटलं, की रेनी जिवंत असती तर तुझ्या तोंडावर थुंकली असती, ते मात्र लिही. मी म्हटलंय. तुझ्या बायकोच्या फोटोसमोर म्हटलंय. आणि दुसऱ्या दिवशी तू टपालाच्या फेरीवर असताना ब्रिनची बॅग माझ्या गाडीत टाकली, तेही लिही. तू पाठलाग करून आम्हाला बियाणांच्या दुकानापाशी गाठलंस तेव्हा अख्खं गाव बघत होतं. तू चर्चचा डीकन, रविवारी दानाची ताटली फिरवणारा मानकरी, आणि तुझी मान खाली गेली. ती माझ्यामुळे गेली. लिही.

बैठक सव्वीस ऑक्टोबरला आहे, रविवारी.

कोरीन


१७ ऑक्टोबर

डॅरल,

पत्र पोहोचलं नाही. मी रोज हेस्टरला विचारते. ती मान हलवते आणि मला चहा देते.

मैदान बंद झालं. आता आम्ही एका चर्चच्या गाडीतळावर पिकअपमध्ये झोपतो. त्यांनी परवानगी दिलीये. मी पुढच्या सीटवर, ब्रिन मागे गादी टाकून. काल पाण्याच्या बाटलीत सकाळी बर्फाचा पापुद्रा होता. ब्रिन शाळेच्या व्यायामशाळेत अंघोळ करते आणि मैत्रिणींना सांगते, आमच्या घराचं नळकाम चाललंय. खोटं बोलायला ती माझ्याकडूनच शिकली म्हणायची.

मी आता मान खाली घालून बोलतेय. तू मला सहा वर्षांनी धाकटा. तुझं नाक पुसलंय, तुझ्यासाठी शाळेत मारामारी केलीये. कधी काही मागितलं नाही. आता मागतेय. पोरीचं पोरींवरचं प्रेम घालवणारं ते शिबिर तुला बरोबर वाटतं, मला ते नरक वाटतं, त्यावर आपलं कधी जमणार नाही. पण तुझ्याच मुलीला आज थंडी वाजतेय, यावर तरी जमू दे. चार ओळी लिही. शिव्या घाल. जितकं वाईट लिहिशील तितकं त्या लोकांना खरं वाटेल.

आणि जर तू मुद्दामच लिहीत नसशील, एक तारखेची वाट बघत बसला असशील, तर तेही कळव. म्हणजे मी रोज दुपारी त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहायची नाही. परवा ब्रिनने विचारलं, "एक तारखेला शाळा बुडवून आपण कुठे लांब गेलो तर ते शोधू शकतील का?" मी तिला गप्प केलं. पण मनातून मी रस्ते मोजत होते, डॅरल. कॅनडा इथून चार तासांवर आहे. कायद्याने ते अपहरण होईल आणि मला तुरुंग होईल, हेही मला माहीत आहे. मी तशी बाई नव्हते. माझा जीव टांगणीला लागलाय.

कोरीन


२७ ऑक्टोबर

डॅरल,

तुझं पत्र आलं. शुक्रवारी. हेस्टरने मला लांबून पाकीट दाखवलं. तुझं ते ठसठशीत अक्षर, पिन कोडाखाली रेघ. मी तिच्या दारातच तिच्या गळ्यात पडले. ब्रिनला सांगितलं. शनिवारी तिने मला न विचारता माझा बैठकीचा सदरा इस्त्री करून आणला, कुठून केला देव जाणे.

काल बैठक झाली. सामायिक घरात खुर्च्या गोल मांडलेल्या. चौतीस माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर तीन कार्डं. मी आणि ब्रिन एका बाजूला. आधी मिनिटभर शांतता पाळली. मग नील म्हणून त्यांचा बैठक चालवणारा आहे, हळुवार आवाजाचा, त्याने पाकीट फोडलं. मी ओठ घट्ट मिटून बसले. म्हटलं, आता येईल सगळं बाहेर.

तो वाचायला लागला. "मी, डॅरल वेन हॅस्केट, देवाला स्मरून शपथेवर सांगतो की माझी बहीण कोरीन आणि मी आयुष्यात कधीही भांडलो नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"ती शांत स्वभावाची आहे. घर स्वच्छ ठेवते. बिलं वेळेवर भरते. माझ्या घरातून तिने माझ्या मर्जीविरुद्ध काहीही नेलेलं नाही. माझी मुलगी ब्रिन माझ्या संमतीने तिच्याजवळ राहते, आणि अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्याचजवळ राहील. तिला घर द्यावं, ही विनंती." खाली सही. त्याखाली बँकेतल्या नोटरीचा शिक्का.

अरे गाढवा! किती वेळा लिहिलं होतं, भांडणाचं लिही, भांडणाचं लिही! त्या क्षणी तू समोर असतास तर खुर्ची घातली असती तुझ्या डोक्यात. तुला माझ्या पत्रावर विश्वासच बसला नाही ना? तुला वाटलं असणार, कुठल्या जगात कोण घर देताना भांडणाचं पत्र मागतं? यात काहीतरी डाव आहे. नाहीतर हिचं डोकं फिरलंय. खरं लिहिलं तर माझ्या पोरीचं घर जाईल. म्हणून बसलास आणि लिहिलंस. शांत स्वभावाची! मी!

खोलीत कुणी बोटं हलवली नाहीत. नीलने माझा अर्ज काढला. म्हणाला, "कोरीन, अर्जात तुम्ही लिहिलंय की ऑगस्टअखेर भावाशी मोठं भांडण झालं. पत्रात तो शपथेवर म्हणतो की कधीच झालं नाही. आम्हाला समजून घ्यायचंय. यातलं खरं कोणतं?"

सोपं होतं. "पत्र खोटं आहे, भाऊ घाबरला," एवढं म्हणायचं होतं. हेस्टर माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी सांगत होती, बोल. हिरवी कार्डं तयारच होती, मला दिसत होती. मी तोंड उघडलंसुद्धा.

आणि मग तो शिक्का दिसला. डॅरल, तू बँकेत जाऊन नोटरीसमोर शपथेला उजवा हात वर केलास. तू! हरवलेलं दहा डॉलरचं पाकीट परत द्यायला चाळीस मैल गाडी चालवणारा. त्या बँकेतल्या बाईला तुझं घर माहीत आहे, तुझी मुलगी माहीत आहे, बियाणांच्या दुकानासमोर काय झालं तेही माहीत आहे. तिच्यासमोर, देवाचं नाव घेऊन, तू खोटं बोललास. आणि त्या खोट्याच्या मधोमध एक ओळ घातलीस, की पोरगी आत्याजवळ राहील, अठरा वर्षांची होईपर्यंत. मी पत्र खोटं म्हटलं असतं तर ती ओळही खोटी झाली असती, चौतीस साक्षीदारांसमोर. घर मिळालं असतं. पोरगी गेली असती.

मी म्हटलं, "पत्र खरं आहे. अर्जात मी खोटं लिहिलं. आम्ही कधी भांडलो नाही."

हेस्टर म्हणाली, "कोरीन, विचार करून बोल." घंटा वाजली. तिच्यासाठी वाजलेली पहिलीच घंटा असावी.

"विचार केलाय," मी म्हटलं.

मग ब्रिन उभी राहिली. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "बाबा लिहितात तेच खरं आहे." आणि बसली. ऑगस्टपासून तिने "बाबा" हा शब्द उच्चारला नव्हता.

नीलने कार्डं दाखवायला सांगितलं. हिरवी पुष्कळ होती, पिवळी थोडी. लाल एकच. हेस्टरचं. रडत रडत धरलं होतं तिने. म्हणाली, "माझं तुम्हा दोघींवर प्रेम आहे. पण आपण कसं भांडतो हे लपवणाऱ्या माणसाबरोबर मी भिंतीला भिंत लावून राहू शकत नाही." तिच्या जागी ती बरोबर होती, हीच तर पंचाईत. मी तिच्यावर रागावूसुद्धा शकले नाही. नील म्हणाला, विषय समितीकडे जाईल, तेवीस नोव्हेंबरला पुन्हा बघू. मी म्हटलं, नको, तेच पुन्हा सगळ्यांसमोर बोलायचं नाही मला.

निघताना मी पत्र परत मागितलं. ते म्हणाले, ते आता वसाहतीच्या दप्तरात राहतं. मी म्हटलं, त्यात माझ्या भाचीचा कागद आहे, मी खुर्चीवरून उठणार नाही. तेव्हा हेस्टरच उठली, फाइलमधून काढून तिने ते माझ्या हातात दिलं. ते आता माझ्याजवळ आहे.

पिकअपमध्ये ब्रिनने ते चार वेळा वाचलं. मग विचारलं, "यासाठी बाबांना चर्चमधून काढतील का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

रागाचं काय करायचं तेच कळत नाहीये. घर तुझ्यामुळे गेलं. पोरगी तुझ्यामुळे राहिली. एकाच कागदावर दोन्ही. मी आत्ता रडतेय, आणि हे तू वाचावंस असं मला वाटतंय.

कोरीन


नदीपलीकडून
३१ ऑक्टोबर

डॅरल,

उद्या एक तारीख. तू येणार नाहीस हे आता मला कळलंय, तरी सवयीने मी खिडकीतून रस्ता बघते.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी डेपोत ओर्लांदोने माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "झालं का तुमचं पाटीवालं गाव बघून? चला." त्याच्या मावशीच्या तीन मजली घराचा वरचा मजला रिकामा होता. मावशी म्हणजे दोन्या मिलाग्रोस (दोन्या म्हणजे त्यांच्यात बाईसाहेब), वय ऐंशी, कानाने कमी. तिने तीन प्रश्न विचारले. सिगारेट ओढता का? कुत्रा आहे का? रविवारी सकाळी जिन्यात आवाज करता का? तिन्हीला नाही म्हटलं. साडेदहाशे डॉलर भाडं सांगितलं, किल्ली दिली आणि वर भात आणि वालाच्या दाण्यांचा डबा आणून ठेवला. माझं कुणाशी भांडण आहे का, हे तिने विचारलंच नाही.

शाळेचं जमलं. थॉर्नबरीच्या शाळेने सांगितलं, बस चालवणाऱ्याच्या घरचं मूल आहे, गाव बदललं तरी राहू द्या. माझी बस आता इथूनच निघते, सव्वासहाला. ब्रिन पहिल्या सीटवर झोपत येते. तिला यासाठी लवकर उठावं लागतं आणि ती त्यावर रोज माझ्याशी भांडते. तिला स्वतःची खोली आहे. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते. कडी गंजली होती, हेस्टरने दिलेल्या हत्यारांनी तिने ती स्वतः दुरुस्त केली. हो, हेस्टर अजून येते. परवा बुधवारीच येऊन गेली. नाही म्हणून झाल्यावर तिला आता मोकळं वाटतंय असं ती म्हणते. हे लोक मला मरेपर्यंत कळणार नाहीत.

तुझ्या शपथेबद्दल. तू कुणाला काही सांगितलंयस का? पास्टरला? सांगू नकोस असं मी म्हणणार नाही, तुझा देव तुझ्याजवळ. पण तुला कुणी विचारलं, तर इथे चौतीस माणसांसमोर तुझ्या बहिणीने ती खरी ठरवलीये, हे लक्षात ठेव. त्या खोट्यात तू एकटा नाहीस. दोघं आहोत. तिघं आहोत.

सोबत आमचा पत्ता आहे, पक्का, टपालपेटीसकट. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, मी टर्की करणार आहे. विमानाला भितोस हे माहीत आहे, बस घे, दोन दिवस लागतात. झोपायला बाहेरच्या खोलीत सोफा आहे. शिबिराचं नाव काढायचं नाही, एवढी माझी अट. बाकी तुला काय वाटतं ते तुला वाटू दे. स्वयंपाकघरात उभं राहून ओरडायचं असेल तर दोघं मिळून ओरडू, दोन्या मिलाग्रोसला ऐकू जात नाही.

मी ब्रिनला सांगितलं की तुला बोलावतेय. ती म्हणाली, "तुझं घर आहे, तू बोलाव." मी म्हटलं, तुझंही आहे. त्यावर ती उठून कडीला तेल घालायला गेली. तेव्हा दार उघडायला ती येईल की मी येईन, ते मला आज सांगता येत नाही.

तरी ये.

तुझी बहीण,
कोरीन